डिसेंट, अकरा वेळा

आमच्या घरात डिसेंट म्हणावं असं एकच कुणीतरी आहे, आणि तो आमचा फ्रीज आहे. पांढरा आहे, थंड असतो, आणि इतक्या वर्षांत त्याने एकदाही कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही.

हा शब्द माझ्या डोक्यात जातो! बदलापुरात डिसेंट एरिया असतो, डिसेंट सोसायटी असते, डिसेंट पगार, डिसेंट साडी, डिसेंट स्थळ. अर्थ विचारा, कुणी सांगत नाही. एका इस्टेट एजंटला मी पकडून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, डिसेंट सोसायटी म्हणजे जिथे कोण कोणाला ओळखत नाही." डिक्शनरीत शोधलं, तर तिथे सभ्य, शोभेल असा, चारचौघांत चालेल असा. चारचौघांत! हे चारचौघे कोण? इथे आमच्या हेंद्रेपाड्यात नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही रुसलेल्या जावयासारखं. यावर जो ओरडतो तो भांडखोर, आणि जो गुपचूप टँकर मागवतो तो डिसेंट! पाणी कृती समितीची सगळी पत्रकं मीच लिहिते, त्यामुळे मी कुठल्या यादीत असेन ते सांगायला नको.

एवढं तापायचं कारण म्हणजे माझ्या ताईचं, करुणाचं, लग्न.

ताई अंबरनाथला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. एमआयडीसीतल्या एका कंपनीतला सुपरवायझर, सुशांत, वार्षिक तपासणीसाठी तिथे गेला, आणि त्यानंतर ठणठणीत असूनही दर महिन्याला रक्त द्यायला लागला. (हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलं तेव्हा ताईलाच दया आली आणि ती चहाला हो म्हणाली.) दोन वर्षं झाली. दोघांचं ठरलं होतं, फक्त त्याच्या आईने रीतसर घर बघायचं बाकी होतं. मध्यस्थ म्हणून उल्हासनगरच्या आमच्या कमलमावशीला घातलं. ती साडीच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे स्थळसुद्धा पदर उलगडून दाखवते.

"मुलगा डिसेंट. घर डिसेंट. चिखलोलीला स्वतःचा फ्लॅट. आई गणिताची टीचर होती, एकदम कडक माल!" मावशी म्हणाली. "त्यांना फक्त समोरून पण डिसेंट घर पाहिजे." आणि हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आईने तर फ्रीजकडे पाहून मग माझ्याकडे पाहिलं!

ताईने मला आत नेलं. "प्रज्ञा, दोन तास. रविवारी फक्त दोन तास तू गप्प बस. हे फिसकटलं ना, तर मी तुझंच रक्त काढीन."

"आणि बायोडेटा?" मी विचारलं.

कारण घरात काहीही लिहायचं असलं की ते माझ्यावर येतं. मी लिहायला बसले. पत्रकांची सवय लागलेल्या हाताने नाव-शिक्षण-उंची तीन ओळींत आटपली आणि 'अपेक्षा' या मथळ्यापाशी आल्यावर तो पेटला. "मुलगा डिसेंट असावा! पण डिसेंट म्हणजे काय? हळू बोलणारा म्हणजे डिसेंट नव्हे. दुसऱ्याला बोलू देणारा तो डिसेंट! इस्त्रीचा शर्ट घालणारा डिसेंट नव्हे. स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करणारा डिसेंट! डिसेंट पुरुष आपलं ताट आपण उचलतो!" असं पान भरलं.

आई पोह्यांची तयारी करत होती. तिने कांद्यावरून मान वर न करताच विचारलं, "डिसेंट लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"एकदाच?"

"अकरा वेळा."

"गुणाची गं बाय माझी!"

पाहुण्यांकडच्या काका-मामांना कागदच हातात लागतो, म्हणून दहा प्रती काढायच्या होत्या. मी मजकूर पाठवला आमच्या नेहमीच्या छापखान्यात, उल्हासनगरच्या दयालभाईंना. सोबत निरोप दिला, "दयालभाई, अर्जंट है. हमेशा के जैसा कर दो." मला म्हणायचं होतं, नेहमीसारखं पटकन. दहाचा आकडा सांगायचा राहिला.

आता आमचं 'हमेशा के जैसा' म्हणजे काय, ते मला रविवारी सकाळी साडेसहाला कळलं. पिवळा कागद. हजार प्रती. वर ठळक अक्षरांत 'जाहीर आवाहन!', मध्ये ताईचा अख्खा बायोडेटा आणि खाली दयालभाईंच्या कॉम्प्युटरमध्ये कायमच्या मुक्कामाला असलेल्या ओळी: आमच्या बिल्डिंगचा पत्ता, माझा मोबाइल नंबर, 'रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता. येताना रिकामे हंडे आणावेत. प्रचंड संख्येने उपस्थित राहा!' (आमच्या सगळ्या सभा रविवारी अकरालाच असतात. पाहुणेही अकरालाच येणार होते.) त्यातली अर्धी पत्रकं नेहमीप्रमाणे पेपरवाल्याकडे गेली आणि घरोघर पेपरातून पोचली. उरलेली रिक्षा स्टँडवर. तिथली पोरं आपल्या चळवळीची! त्यांनी प्रत्येक रिक्षात ड्रायव्हरच्या सीटमागे, पॅसेंजरच्या बरोब्बर नाकासमोर, इमानदारीत खळ लावून चिकटवली.

मी दयालभाईंना फोन लावला. "ये क्या किया?"

"दीदी, आपने ही तो बोला, हमेशा के जैसा. और सुनो, मजमून एक नंबर है. मेरी घरवाली ने फ्रेम करने को बोला है."

मग माझा फोन जो सुरू झाला!

"ताई, म्हणजे हे लग्न झालं की पाणी येणार का?"

"मी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहे. ताट उचलतो, इस्त्री नाही करत. चालेल?"

"मोर्चा डिसेंट आहे की नेहमीसारखा?"

प्रत्येकाला मी ओरडून सांगत होते की चूक झाली, सभा नाही, येऊ नका. साडेदहाला माझा आवाज बसला. म्हणजे पूर्ण गेला! तोंड उघडलं की फुगा सोडल्यासारखी नुसती हवा. आईने हळदीचं दूध पुढे केलं आणि पहिल्यांदाच इतकं मन लावून नवसासारखं पुटपुटली, "राहू दे असाच दुपारपर्यंत."

अकराला दहा कमी असताना खाली अंगणात वीसेक बायका हंडे घेऊन हजर. पुढे आमच्या समितीच्या शांताकाकू. मी गॅलरीतून दोन्ही हातांनी 'जा, जा' केलं. त्यांना वाटलं मी 'सुरू करा' म्हणते.

"ए प्रज्ञा," काकू खालून गरजल्या, "पाण्याचं मागनं बघू! आधी आपल्या करुणाला पोरगा मिळवून देऊ! बोला गं, डिसेंट मुलगा..."

"मिळालाच पाहिजे!" वीस हंडे एकदम वाजले.

आणि त्याच क्षणी फाटकाशी रिक्षा थांबली. सुशांत उतरला, त्याचे बाबा उतरले, मामा उतरले. शेवटी कडक स्टार्चच्या कॉटन साडीत त्याच्या आई उतरल्या. त्यांच्या हातात पिवळा कागद होता. कोपऱ्यांना ओली खळ.

ताईचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. दोन वर्षांचा चहा, ती बाराखालची हिमोग्लोबिनं, सगळं माझ्या एका पानाने पाण्यात जाणार होतं. (त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की पाणी नव्हतं.)

पोहे झाले. खालून अधूनमधून एखादा हंडा वाजे. मग सुशांतचे बाबा बायकोकडे चोरून बघत उठले आणि स्वतःची डिश घेऊन मोरीकडे निघाले. मागोमाग मामा. मागोमाग सुशांत. आयुष्यात प्रथमच डिश उचलल्यासारखे तिघे रांगेत उभे राहिले, आणि मामांनी नळ सोडला. नळाने एक ढेकर दिली आणि डोळे मिटले.

सुशांतच्या आई आत आल्या. "पाणी नाही?"

"उद्या येईल," पप्पा ओशाळून म्हणाले, "आलं तर."

"आमच्याकडे रोज टँकर." त्यांनी पदर खोचला. "मी नऊ अर्ज दिलेत. एकदम डिसेंट भाषेत. साहेब म्हणतात, मॅडम, तुमचं अक्षर फार सुंदर आहे!" आणि मग तो पिवळा कागद वर धरला. "हे कुणी लिहिलं?"

मी पुढे झाले. गुन्हा माझा, शिक्षा मला. तोंड उघडलं. हवा.

ताईने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "मी."

"तू?" त्यांनी चष्मा खाली केला. "स्वतःच्या लग्नाच्या मागण्या? हजार प्रतींत?"

"हो."

"मग आमच्या चिखलोलीचा दहावा अर्ज तू लिहायचा." त्या गॅलरीत गेल्या आणि खाली वाकून वर्गावर ओरडावं तशा ओरडल्या, "अहो, तुमच्या समितीत चिखलोलीला घेता का?"

हंड्यांचा जो काही दणका झाला! कमलमावशीने आईच्या कानात सांगितलं, "पीस खपला."

निघताना दारात त्या थांबल्या. ताईच्या डोक्यावरून हात फिरवून आईला म्हणाल्या, "मोठी चांगली खमकी आहे. आणि ही धाकटी... दोन तास बघतेय, एक शब्द नाही. किती डिसेंट मुलगी!"

मला तिथल्या तिथे या शब्दावर किमान चार मुद्दे मांडायचे होते. शिवाय माझ्या आजवरच्या सर्वोत्तम पत्रकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं! पण घशातून हवेशिवाय काही निघेना. मी फ्रीजला टेकून उभी राहिले आणि गोड हसले. चिखलोलीचा तो दहावा अर्जही शेवटी मीच लिहिला, ताईच्या नावाने.

आणि आता खरं सांगते, कुणाला सांगू नका: त्या दिवशी सुशांतच्या आई पुन्हा एकदा तो शब्द म्हणतील का, म्हणून रिक्षा वळेपर्यंत मी दारातच उभी होते.