बरणीतली कोनफळं

घरात सगळे तिला बरणीआत्या म्हणत. प्रयोगशाळेत ती काचेच्या बरण्यांत रोपं वाढवायची. "वन्सं झाडं बरणीत भरतात, उद्या आम्हालाही भरतील," असं वहिनी हसून म्हणायची.

त्या वर्षी भावाच्या शेतातल्या कोनफळाच्या वेलांवर पिवळे ठिपके आले, पानं आकसली. जांभळ्या गराची ही जात आता फक्त त्याच्याकडेच उरली होती. आत्याने त्यातल्या त्यात धडधाकट दिसणाऱ्या वेलाची पेरं आणली, औषधात धुतली आणि एकेक पेर बरणीतल्या जेलीसारख्या खाद्यावर उभं केलं. पेरांना पानं फुटली, मुळं सुटली. भाऊ निर्धास्त झाला.

मग एका सकाळी एका रोपाच्या बुडाशी दुधट कडं दिसलं. झाकण सैल राहिलं असेल, असं म्हणून तिने ती बरणी टाकून दिली, पण मनात पाल चुकचुकली. पुढच्या आठवड्यात तेच कडं वरच्या फळीवरच्या बरणीत दिसलं, मग समोरच्या मांडणीत. त्या बरण्यांची झाकणं तिने स्वतः घट्ट लावली होती. म्हणजे हे बाहेरून आलेलं नव्हतं. वेलाच्या पोटातच दडून ते बरणीत शिरलं होतं.

"सगळं उकळून टाका," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "इथल्या बाकीच्या रोपांना लागलं तर काय करायचं?"

त्याच दुपारी भावाचा फोन आला. "ताई, शेतात खणून पाहिलं. कंद हातात घेतला की पिठासारखा फुटतोय. तुझ्याकडची आहेत ना ठीक?"

"आहेत," ती म्हणाली.

तिने साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली. रोगाचा जोर ओसरावा म्हणून रोपं बरेच दिवस उबेच्या कपाटात ठेवली. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कोंबाचं टाचणीच्या डोक्याहूनही लहान टोक कापून नव्या बरणीत लावलं. रोग तिथवर सहसा पोचत नाही, एवढाच आधार होता. उरलेल्या बरण्या तिने स्वतःच्या हाताने उकळायला लावल्या. तेव्हा खोलीभर शिजल्या पाल्याचा वास पसरला.

टोकं काळी पडत गेली. एकच हिरवं राहिलं. ते वाढलं, तपासणीत निर्दोष निघालं, आणि त्यापासून तिने पुन्हा एक फळी भरली.

भाऊ रोपं न्यायला टोपली घेऊन आला.

"त्या रोगट मातीत नाही लावायची," ती म्हणाली.

"मग कुठे लावू? माझ्याकडे दुसरी जमीन आहे का?"

त्याने काचेपलीकडची रोपं एकदा पाहिली आणि तो रिकामी टोपली घेऊन गेला.

रोपं अजून बरणीतच आहेत. रोज आल्याबरोबर ती एकेक बरणी दिव्यासमोर धरून बूड पाहते. काल एका बुडाशी अंधूकसं काही वाटलं. तिने काच पुसली, पुन्हा पाहिलं आणि ती बरणी बाजूला काढून ठेवली.