हाताला माती

माझी बायको म्हणते, हा माणूस तीर्थसुद्धा वास घेऊन पितो. असेल. शाळेत खेळ शिकवण्यात आणि कबड्डीचा पंच म्हणून शिट्टी फुंकण्यात माझा जन्म गेला. समोरचा काय लपवतोय हे बघायची डोळ्यांना खोडच लागली आहे.

त्यामुळे सीना नदीच्या पुरात घरं गेलेल्यांसाठी आमच्या गल्लीतल्या मंडळानं कबड्डीचे सामने ठेवले, तेव्हा मी आधी अध्यक्षांवर संशय घेतला. फलकावर पूरग्रस्त बोटाएवढे आणि अध्यक्ष हातभर. तिकिटांच्या पैशातून घरांसाठी पत्रे घ्यायचे होते आणि पत्र्यांचं दुकान निघालं अध्यक्षांच्या मेव्हण्याचं. मी मुद्दाम जाऊन पत्र्याची जाडी चाचपून आलो. माल चांगला होता. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशाच झाली.

मंगल कार्यालयात राहायला आलेल्या पूरग्रस्तांनीही एक संघ उतरवला. त्यांचा चढाईपटू तिशीचा शेतकरी. नदीनं त्याचं घर नेलं, म्हशी नेल्या. जेवणाचं ताट घेतानाही तो मान वर करत नसे. हा संघ अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरा किडा वळवळला: समोरचे दयेपोटी हरत तर नाहीत?

समोर आमच्या शहराच्या पूर्व भागातला संघ होता. त्यातला टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक जण पकडीत पटाईत. घामानं हात सटकू नये म्हणून तो प्रत्येक चढाईआधी वाकून दोन्ही तळव्यांना माती चोळायचा. मग त्याच्या हाती लागलेला घोटा सुटत नसे.

गुण बरोबरीत होते. शेवटची चढाई त्या शेतकऱ्याची होती, आणि पकडपटू वाकलाच नाही. घोटा हातात आला आणि ओल्या साबणासारखा निसटला. चढाईपटूनं मध्यरेषा गाठली. मी गुण दिला. नियमात दुसरं काही बसत नव्हतं. लोक नाचले. ढाल देताना अध्यक्षांचे डोळे भरून आले, तेही मी नीट निरखून पाहिले.

गर्दी पांगल्यावर तो चढाईपटू ढाल काखेत धरून माझ्याकडे आला.

"सर, त्यानं हाताला माती लावली न्हाय. तुमी बगितलं की."

"चांगल्या मनानंच केलं असेल त्यानं," मी म्हणालो.

"व्हय. जेवण, चादरी, पत्रं, समदं चांगल्या मनानंच दिलंय. आमी घेतलं की. पण ह्ये तरी माजं कमवल्यालं असू द्या. खरं सांगा, सोडलं का त्यानं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्याला ते कळलं असतं.

"सोडलं," मी म्हणालो.

त्यानं पाणी पीत बसलेल्या त्या पकडपटूला हाक मारली. "एकदा परत. माती लावून."

पकडपटू ओशाळला. मग उठला, साथीदारांना घेऊन मैदानात उभा राहिला आणि वाकून दोन्ही तळव्यांना माती चोळली. मी शिट्टी तोंडात धरली. या वेळी घोटा सापडला तो सुटलाच नाही. बाकीचे अंगावर पडले. चढाईपटूची बोटं रेषेच्या वीतभर अलीकडे माती खरवडत राहिली आणि दम तुटला.

तो मातीतच उताणा पडून हसत होता. त्या हसण्यात मी सवयीनं खोट शोधली. सापडली नाही, आणि मला भरून आलं.

मग उठून त्यानं ढाल त्या पकडपटूच्या हातात ठेवली. पूर आल्यापासून तो पहिल्यांदाच कुणाला काही देत होता, आणि त्याची मान वर होती.