पांढरीची सावली

लातुरात मी कोचिंगवाल्यांसाठी भूगोलाचे नकाशे करायचो. उंचीचे आकडे कॉम्प्युटरात घातले की डोंगरांना सावली पडायची. आमचा बालाघाट मी एवढा फुगवला होता की पोरं हिमालयाला टेकाड म्हणायची.

एकदा माय म्हणाली, "आपली जुनी किल्लारी दाव की रे." भूकंपात पडलेलं आमचं गाव पांढरीवर होतं, म्हणजे शेतांपेक्षा उंच जागी. मी तिथली उंची पाचपट केली, मग पन्नासपट. स्क्रीन करडीच राहिली. सावली पडावी असं तिथं काही उरलंच नव्हतं.

"दिसलं का?"

जन्मभर थापा मारल्या, तेव्हा एकही सुचली नाही.

"न्हाई."

"मग नकाशा बरोबर हाय," माय म्हणाली.