मुलुंडहून हेमंतच्या आईकडे

मुलुंडहून अंधेरीला जाणं याला प्रवास म्हणावं का, असं कोणी विचारेल. त्याने शनिवारी सकाळी पवईच्या तलावापाशी एकाच जागी उभ्या राहिलेल्या बसमध्ये कॉलेजच्या पोरांसोबत बसून दाखवावं. तेवढ्या वेळात लोणावळा आलं असतं, आणि तिथे निदान चिक्की मिळाली असती.

बसमध्ये आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम होती आणि तिचे पाठीराखे. मी अकाउंट्स शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच, की मुली असल्या की सोबत एक शिक्षिका लागते आणि प्राचार्य नाव विचारायला आले तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. मॅच दुपारी होती, अंधेरीच्या कॉलेजशी. पण पोरांना त्याआधी वेसाव्याला (नकाशावर वर्सोवा) जायचं होतं, हेमंतच्या आईला भेटायला.

हेमंत अंधेरीचा गोलकीपर. पावसाळ्यात काविळीने गेला. आमच्या पोरांचा तो मित्र नव्हता. त्याने यांना कधी धड गोल करू दिला नाही आणि यांनी त्याच्या गोलमागे उभं राहून त्याला कधी धड उभं राहू दिलं नाही. पाठीराख्यांची पुढारी सायली. ती हजेरी देते तेव्हा शेजारच्या वर्गातले सर थांबतात.

"काय ओरडायचात त्याला?" मी तिला विचारलं.

"सोडा ना मॅडम."

"घाणेरडं काही?"

"घाणेरडं असतं तर परवडलं असतं. पेनल्टी असली की आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, हेम्याऽ, आई बोलावतेय, घरी जा. आणि तो पण असला ना, मागे वळून सांगायचा, तिला सांगा, मुलुंडला पाणी पाजून येतो."

"मग?"

"मग काय, पाजायचा."

आणि आता त्याच आईकडे निघालो होतो. साकीनाक्याला बस पुन्हा थांबली तेव्हा पोरांनी ठराव केला: ती बाई काहीही विचारो, हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. सायलीने प्रत्येकाकडून शपथ घेतली. बसच्या ड्रायव्हरकडूनही घेतली.

वेसाव्याच्या गल्लीत मोठी बस शिरत नाही. उतरून चालत गेलो. दोघांच्या हातात भलंमोठं पुष्पचक्र होतं, समोरून स्कूटर आली की ते डोक्यावर धरावं लागत होतं. बसमधली निम्मी मुलं गुजराती, मासळीबाजाराच्या तोंडाशीच त्यांचे रुमाल नाकावर गेले. मी मालवणची. मला तो वास आला आणि भूक लागली.

हेमंतची आई मंदामावशी मोठ्या छत्रीखाली बसली होती. पुढ्यात पापलेटं, बोंबील आणि बर्फ. सायलीने सांगितलं की आम्ही मुलुंडहून आलोय, हेमंतसाठी. मग आधी ठरल्याप्रमाणे तिने हात वर केला, आणि सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले.

मासळीबाजारात दोन मिनिटांची शांतता पाळायची कल्पना ज्याने काढली, त्याने आयुष्यात मासा विकत घेतला नसावा. शेजारची बाई कोलंबी ओरडून विकत होती. एक गिऱ्हाईक आमच्यातून वाट काढत म्हणालं, "लाइन कसली आहे? सुरमई आली का?"

"ए पोरांनो, बाजूला व्हा," मंदामावशी म्हणाली. "गिऱ्हाईक अडतंय."

पुष्पचक्र ठेवायला कोरडी जागा नव्हती. तिने ते छत्रीच्या दांड्याला अडकवलं. एका मुलाने आईने दिलेले थेपले पुढे केले. तिने तुकडा मोडून खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "सुक्या जवल्यासंगती बरं लागंल." (जवला म्हणजे बारीक कोलंबी. तो मुलगा जैन आहे, त्याने मान डोलावली.)

मग तिने आम्हाला नीट निरखलं.

"तुमीच ना ते? माजा पोऱ्या (मुलगा) सांगायचा, आमच्या कॉलेजपेक्षा मुलुंडवालेच माजं नाव जास्ती घेतात. काय ओरडायचे ते मना कदी बोल्ला नाय. काय ओरडायचात?"

शांतता आम्हाला तेव्हा मिळाली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी एका पापलेटाचे कल्ले उघडून बघत होते, लालभडक होते.

"सांग गं," मी सायलीला म्हटलं. "तिने विचारलंय."

सायलीने सांगितलं. शेजारचा वर्ग थांबवणाऱ्या मुलीचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

मंदामावशीने हातातला कोयता फळीवर ठेवला. "मी बोलवायची तवा कदी टायमावर आला नाय," ती म्हणाली. "तुमच्या बोलवण्यानं काय जानार व्हता." मग माझ्याकडे वळली. "ताई, घेनार हाव का नुसते कल्ले बघनार?"

मी घेतली. भावात तिने एक पैसा सोडला नाही.

निघताना तिने विचारलं, मॅच कुठे आहे. तिने एकही पाहिली नव्हती. मॅच दुपारी, आणि दुपारची मासळीही तेव्हाच यायची.

मैदानात अंधेरीच्या मुलांनी हेमंतची जर्सी गोलच्या खांबाला बांधली होती. भाषणं झाली, मॅच सुरू झाली. आमचे पाठीराखे गप्प. मला खेळातलं कळत नाही, पण एवढं कळलं की हे लोक तिकिटाच्या रांगेत उभं राहिल्यासारखे उभे होते.

उत्तरार्धात मंदामावशी आली. छत्री आणि टोपली जावेवर सोपवून. अंधेरीवाले तिला पुढच्या खुर्चीवर बोलावत होते. ती सरळ आमच्यात, आमच्याच गोलमागे येऊन उभी राहिली.

"घसा बसला काय सगल्यांचा?" तिने विचारलं.

तेवढ्यात आमच्याविरुद्ध पेनल्टी लागली. गोलमध्ये आमचा अनिकेत. तो हात पसरून वाकला, समोरचा पोरगा धावत सुटला, आणि माझ्या कानाशी, लिलावाच्या आवाजात, मंदामावशी ओरडली, "ए पोऱ्या, आयस बोलवते तुना, घरा ये." (आई बोलावतेय तुला.)

अनिकेतने मागे वळून बघितलं. बॉल जाळ्यात.

सगळं मैदान हसलं. आमची पोरंसुद्धा. मावशी इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. मग पदराने डोळे पुसत सायलीला म्हणाली, "आता तुमी ओरडा. त्याला ओरडायचात तसं. मना आयकायचंय."

सायलीने आवाज लावला. तिच्यामागे सगळ्यांनी, आणि मैदानापलीकडच्या अंधेरीवाल्यांनीही. हेम्याऽ, आई बोलावतेय, घरी जा. समोरच्या इमारतींच्या खिडक्यांत माणसं आली.

मावशी मान खाली घालून ऐकत होती. आवाज विरला तेव्हा तिने वर बघितलं.

"बघा," ती म्हणाली. "नाय आला. मी बोल्ली व्हती."

आम्ही त्या एका गोलने हरलो. परतताना बसमध्ये पापलेटाचा वास होता आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. दुखवट्याला जाताना लोक उगाच चांगले कपडे आणि चांगले शब्द शोधतात, असं मला वाटलं. त्या बाईला आमचं पुष्पचक्र नको होतं, गोंगाट हवा होता, आणि तो फक्त आमच्याकडे होता.

पवईला बस पुन्हा अडकली. मागच्या सीटवरून अनिकेत फोनवर बोलत होता.

"हरलो गं. नाही, जेवलो नाही अजून. आई, काही काम नाहीये. असाच केला."