जोविताचे मोर आणि झेनायदेचं अंगण

जोविताबाई, इकडच्या भाषेत दोना जोविता, आमच्या समोरच राहते, मधे फक्त लाल मातीचा रस्ता. तिच्या अंगणात कोंबड्या, ठिपक्याठिपक्यांच्या गिनी कोंबड्या आणि एक भांडकुदळ टर्की, असा सगळा गोतावळा. डावीकडे तारेचं कुंपण आणि पलीकडे तिची धाकटी बहीण झेनायदे. दोघींची आई शेवटची आजारी पडली तेव्हा झेनायदेनं तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. म्हातारीला स्वतःच्या खाटेवर डोळे मिटायचे होते, पण ती तिकडेच वारली. तेव्हापासून जोवितानं बहिणीशी बोलणं टाकलं.

जोविता टेकडीवरच्या मोठ्या मळ्यात स्वयंपाकाला होती. मालकांनी मळा विकला. नव्या लोकांना कॉफीची झाडं हवी होती, तिथली मोर-लांडोरीची जोडी नको होती. जोवितानं दोघांचे पाय बांधले, मोराचा पिसारा जुन्या चादरीत गुंडाळला आणि दुधाच्या गाडीतून जोडी घरी आणली.

लगेच सोडलं असतं तर दोघं उडून मळ्यावरच्या घराच्या छपरावर जाऊन बसली असती. म्हणून तिनं आंब्याखाली जाळीचा मोठा पिंजरा केला. रोज सकाळी ती आत स्टूल टाकायची आणि त्यांच्याकडे पाठ करून कॉफी पीत, चीजचा पाव खात बसायची. चुरा मुद्दाम खाली सांडायची.

"अहो, पाठ करून काय बसता?" मी विचारलं. "चोच मारली म्हणजे?"

"टक लावून बघितलं की त्यांना वाटतं, ही आता धरणार. बसू दे की. मला कुठं स्वयंपाकाला जायचंय आता?"

आधी लांडोर धिटाईनं चुरा टिपायला लागली. मग एका सकाळी जोविता रस्ता ओलांडून धावतच आली आणि तळहात माझ्या नाकापुढे धरला. "बघ! इथून मका उचलला त्यानं! टोचलंसुद्धा नाही!" त्याची छाती काढून चालायची ऐट बघून तिनं मोराचं नाव ठेवलं फौजदार. लांडोर झाली बेला.

पुढे ती संध्याकाळी, दाणे टाकायच्या जरा आधी, दार उघडू लागली. भुकेली पाखरं फार लांब जात नाहीत. कोंबड्यांमध्ये मिसळून दोघं खायला परत यायची. फक्त झोपायला फौजदाराला झेनायदेचं कौलारू छप्परच आवडायचं. आणि पहाटे तिथून तो असा काही ओरडायचा की अख्खी गल्ली जागी व्हायची.

अशाच एका पहाटे झेनायदे परकर सावरत बाहेर आली.

"अगं ए जोविते! तुझ्या या भोंग्याला आवर, नाहीतर रविवारी भातात शिजवीन!"

जोवितानं बहिणीकडे न बघता टर्कीला सांगितलं, "सांग गं तिला, मोराचं मांस चामट असतं. आणि तिला भात तरी कुठं धड जमतो!"

इतक्या वर्षांतलं दोघींचं हे पहिलं बोलणं. मग ते रोजचंच झालं. खरं सांगते, दोघींच्याही तोंडावर तरतरी आली.

काही दिवसांनी फौजदार दाण्यांना तोंड लावेना. जोवितानं कुंपणावरून डोकावलं, तर झेनायदे पायरीवर बसून त्याला मक्याचा केक भरवत होती. "खा रे मेल्या, मालकीण उपाशी ठेवते वाटतं तुझी!"

त्या मोसमात बेलानं गवतात अंडी घातली आणि ती विसरून गेली. जोवितानं ती खुडूक बसलेल्या तांबड्या कोंबडीखाली सरकवली. पिल्लं निघाली. कोंबडी त्यांना घेऊन अंगणभर माती उकरत फिरू लागली. थोड्याच दिवसांत एका पिल्लानं पंख गाळले, पिवळीजर्द विष्ठा टाकली आणि ते गेलं. मग दुसरं गेलं.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि सांगितलं, "हा रोग कोंबड्यांच्या विष्ठेतून मातीत राहतो. कोंबड्यांना फारसं काही होत नाही, पण मोराची पिल्लं मरतात. ज्या जमिनीवर कधी कोंबडी फिरली नाही, तिथं ठेवा यांना."

आमच्या गल्लीत अशी जमीन कुठली? घरोघरी कोंबड्या. फक्त झेनायदेनं कधी पाळल्या नव्हत्या.

जोविता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "मी नाही जाणार तिच्या दारात," म्हणाली. कॉफी तशीच ठेवून उठली आणि भर उन्हात टोपली घेऊन त्याच दारात उभी राहिली. मी उंबरा झाडत होते. म्हणजे झाडू हातात होता.

"पिल्लं मरतायत," जोविता म्हणाली. "तुझ्या अंगणात जागा हवीय."

"आईसाठी कधी आली नाहीस. यांच्यासाठी आलीस."

"तेव्हा आले असते तर भांडायलाच आले असते."

"तिला श्वास घेता येत नव्हता, जोविते. ओठ निळे पडले होते. तू मळ्यावर, तिथल्या लग्नाच्या स्वयंपाकात. मी काय करायचं होतं? बसून बघायचं?"

जोवितानं टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ओठांचं मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तू सांगू दिलंस का कुणाला?" झेनायदेनं डोळे पुसले आणि टोपली ओढून घेतली. "आण इकडे. उन्हात भाजतेस का त्यांना? आणि चपला बाहेर काढ, कोंबड्यांची घाण आत आणू नकोस."

तरी आणखी काही पिल्लं गेलीच. तीन तगली. झेनायदेनं त्यांना चुलीजवळ खोक्यात ठेवलं, उकडलेल्या अंड्याचा बलक चारला. जोविता रोज जायची, आधी अनवाणी. मग झेनायदेनं तिच्यासाठी दाराशी वेगळ्या चपला ठेवल्या. आईवरून अजूनही दोघींची जुंपते, पण आता एकाच टेबलाशी बसून.

तिघांतल्या नराला यंदा पूर्ण पिसारा आलाय. त्याला आजोबांचं, अनिसेतोंचं नाव द्यावं असं झेनायदेचं म्हणणं आहे. जोविता म्हणते, "आजोबांचे पाय मोराइतकेही बरे नव्हते हं!" मग दोघी हसत बसतात, आणि मोर अजून बिननावाचाच आहे.