मिस म्हणजे चुकणं

काल पुण्याहून लेकीचा मेसेज आला, ‘मिस यू, आई’. तेव्हापासून मला आमच्या वाटूरच्या एसटीडी बूथमधला उकाडा आठवतोय.

तेव्हा ताई नागपूरला नर्सिंग शिकायला नुकतीच गेली होती आणि बाबांनी आणि मी तिला तिथून फोन लावला होता. “बाबा, मी तुम्हाला लई मिस करून राह्यले,” ती म्हणाली आणि लाइन कटली. फोन पुन्हा लागेना. बाबांना मिस होणं म्हणजे गाडी चुकणं, एवढंच ठाऊक.

“पोरीचं काय चुकलं गं?” ते मला विचारत राहिले. शाळेत मीही तेवढाच अर्थ शिकले होते. बाबांनी फाट्यावर येरझाऱ्या घातल्या आणि नागपूरकडे जाणारी मिळेल ती गाडी पकडली.

कॉलेजात मला ‘मिस’ या क्रियापदाचं मूळ कळलं. आधी नेम चुकणं, मग हातून निसटणं, आणि पुढे जे जवळ नाही त्याची हुरहूर.

ताई अजून सांगते, दुसऱ्या सकाळी होस्टेलच्या दारात बाबा धुळीनं माखून उभे होते.

“काय चुकलं, बाई?”

“काही न्हाई, बाबा. तुमची आठवण येत होती.”

“मंग बराबर आलो की,” म्हणत ते पायरीवर बसले.