काकूंच्या गॅलरीतला चेंडू

आमच्या सोसायटीतल्या चार काकूंची मुलं अमेरिकेत असतात, म्हणून मी या काकूंना तिकडच्या बातम्या वाचून इंग्रजी शिकवतो. काल बेसबॉलचा फोटो होता. प्रेक्षकांत आलेला चेंडू एका बाईने छातीशी घट्ट धरला होता. मी सांगितलं, "तिकडे असा चेंडू झेलणाऱ्याचाच होतो. कोणी परत मागत नाही."

जोशीकाकूंनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. माझ्या लहानपणी त्यांच्या गॅलरीत गेलेला एकही चेंडू कधी परत आला नव्हता.

परका देश आपल्यासारखं माणूस दिसेपर्यंतच परका असतो. काकूंच्या चेहऱ्यावर माहेर सापडल्याचं समाधान होतं.

धीर करून मी विचारलं, "काकू, माझा लाल चेंडू आहे का हो अजून?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "पण तिकडे मागत नाहीत ना?"